पांढरे हाड म्हणजे मजबूत हाड?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच मागणी आहे : ‘घरातल्या वयस्कर बायकांच्या हाडांविषयी लिहा.’ कुणाच्या सासूबाईंचे मनगट मोडले आहे, कुणाच्या अम्मीला कुबड आले आहे. या विषयावर लिहायचे मी बरेच दिवस टाळत होते, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. आज ती सांगूनच सुरुवात करते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या अम्मीने स्वयंपाकघरात गव्हाचा डबा सरकवला आणि कंबरेत अशी कळ आली की ती खालीच बसली. पडली नाही, काही लागले नाही, फक्त डबा सरकवला. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका दबलेला दिसला. मग डॉक्टरांनी डेक्सा नावाची तपासणी सांगितली. तिचा आकडा, ज्याला टी-स्कोअर म्हणतात, उणे ३.१ आला. हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साध्या भाषेत, हाडे आतून विरळ होणे. अम्मीचे वय ६८.

तिला बघायला तिची मोठी बहीण, माझी खाला, आली. खाला लग्न होऊन नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवरच्या एका खेड्यात गेली, त्याला पन्नास वर्षे झाली. तिची पाठ लाकडासारखी ताठ आहे. मान वळत नाही, गुडघे मुडपत नाहीत. सजदा करता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढते. ‘क्या करूं बेटा, कमर झुकतीच नै,’ हे तिचे नेहमीचे वाक्य. येताना तिने आपलेही एक्स-रे पिशवीत आणले होते.

माझा मुलगा बारावीला, सायन्सला आहे. त्याने दोघी बहिणींच्या पाठीचे एक्स-रे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. अम्मीची हाडे पुसट, राखाडी, आरपार दिसावीत अशी. खालाची हाडे चुन्यासारखी पांढरीशुभ्र. खालाच्या हाडांत पाण्यातले फ्लोराईड साचले आहे, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलेले होते. मुलगा म्हणाला, ‘अम्मी, खालानानीच्या गावचं पाणी नानीला पाजलं तर दोघींचा हिशेब बरोबर होईल ना?’

सगळे हसले. माझी अम्मी मात्र हसली नाही. ती म्हणाली, ‘खरंच बघ. आपाची हाडं कशी भरलेली आहेत. माझीच पोकळ.’

आता माझी चूक. आठ वर्षांपूर्वी खालाच्या पाठीचा पहिला एक्स-रे निघाला, तेव्हा तो मीच उजेडात धरून पाहिला होता. घरात शिकलेली मी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘खाला, तुमची हाडं तर बघा, किती पांढरी! मजबूत आहेत. वयामुळे सांधे धरले असतील.’ खालाला ते पटले. तिने पुढच्या डॉक्टरकडे जायचे सोडले आणि त्याच हातपंपाचे पाणी आणखी तीन वर्षे प्यायली. त्या हातपंपाला कधीतरी लाल रंग मारला होता. का मारला, हे गावात कुणी समजावून सांगितले नव्हते आणि रंगही उडून गेला होता.

पांढरे म्हणजे भरलेले, भरलेले म्हणजे मजबूत, असे मी धरून चालले. पुढे वाचायला लागले तेव्हा कळले की हीच समजूत जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचीही जवळपास तीस वर्षे होती. मुलाचा प्रश्न वेडगळ नव्हता. तो प्रश्न विज्ञानाने खरोखर विचारला आणि त्याचे उत्तरही शोधले. ते उत्तर प्रत्येक घरात माहीत असावे असे मला वाटते.

फ्लोराईड औषध कसे झाले

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात क्रायोलाइट नावाचे खनिज दळण्याचा कारखाना होता. हे खनिज ग्रीनलँडमधून येई आणि त्यात फ्लोराईड भरपूर असते. १९३२ साली तिथल्या दोन डॉक्टरांनी कामगारांचे एक्स-रे काढले, तर हाडे विलक्षण दाट आणि पांढरी दिसली. पुढे काय रोहोल्म या डॅनिश डॉक्टरने त्यावर मोठा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये तो ग्रंथरूपाने छापला. त्याच १९३७ साली आपल्याकडे, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये हाच आजार नोंदला गेला. तिथली माणसे खालासारखीच ताठली होती.

म्हणजे फ्लोराईडने हाडात भर पडते, हे समजले होते. मग कुणाच्या तरी मनात यायचेच : ज्यांची हाडे विरळ झाली आहेत, त्यांना हेच मोजून दिले तर?

१९६१ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी सोडियम फ्लोराईड काही रुग्णांना देऊन पाहिले. शरीरात कॅल्शियम जास्त टिकून राहते, असे त्यांना आढळले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातला एक अभ्यास आला. पाण्यात फ्लोराईड जास्त असलेल्या भागातल्या बायकांच्या एक्स-रेमध्ये विरळ हाडे कमी दिसतात, असे त्यात म्हटले होते. इथून गाडी वेगाने निघाली. त्या काळी ऑस्टिओपोरोसिसवर फारशी औषधे नव्हती. नवे हाड बनवणाऱ्या पेशींना जागे करते असे औषध तर जवळजवळ दुसरे नव्हतेच. युरोपातल्या अनेक देशांत डॉक्टर फ्लोराईडच्या गोळ्या लिहून देऊ लागले. अमेरिकेच्या औषध खात्याने मात्र या आजारासाठी तिला कधी परवानगी दिली नाही. तरी तिथेही ती बऱ्याच रुग्णांना दिली जात होती.

गोळी घेणाऱ्या बाईचा दोन वर्षांनी एक्स-रे काढला की हाड पांढरे दिसायचे. बाई खूश, डॉक्टरही खूश. पण हाड मोडायचे थांबले का, हे नीट मोजून कुणी पाहिलेले नव्हते.

दोनशे दोन बायका, चार वर्षे

ते मोजून पाहण्याचे काम अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये झाले. डॉ. लॉरेन्स रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या २०२ बायका निवडल्या. सगळ्यांना ऑस्टिओपोरोसिस होता आणि सगळ्यांचा एखादा तरी मणका आधीच दबलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराईड. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कॅल्शियम मात्र दोन्ही गटांना रोज १५०० मिलिग्रॅम. असे चार वर्षे चालले. निकाल १९९० च्या मार्च महिन्यात छापून आला.

आधी चांगली बातमी. फ्लोराईड घेणाऱ्या बायकांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता दुसऱ्या गटाच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या हाडाच्या मानेजवळ, म्हणजे खुब्यापाशी, ती १२ टक्क्यांनी वाढली. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल, औषध लागू पडले.

आता मोडलेली हाडे मोजू. नव्याने दबलेले मणके : फ्लोराईडच्या गटात १६३, दुसऱ्या गटात १३६. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान आहे. म्हणजे मणक्यांची घनता ३५ टक्के वाढूनही मणके दबायचे थांबले नाहीत. आणि मणके सोडून बाकीची हाडे, हातापायांची, खुब्याची : दुसऱ्या गटात २४ वेळा मोडली, फ्लोराईडच्या गटात ७२ वेळा. तिप्पट!

त्याशिवाय पोटाच्या तक्रारी आणि पायांत दुखणे होतेच. फ्लोराईड घेणाऱ्यांपैकी ५४ जणींना त्रासामुळे गोळीचे प्रमाण कमी करावे लागले, दुसऱ्या गटात २४ जणींना.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा खालाचा तो एक्स-रे माझ्या डोळ्यांसमोर आला.

भरलेले हाड का मोडते

वर्गात हे समजावताना मी दोन वस्तू दाखवते : खडू आणि वेताची छडी. खडू जाड आहे, पांढरा आहे, भरीव आहे. हातातून पडला की दोन तुकडे. छडी बारीक आहे, पण वाकते आणि पुन्हा सरळ होते. हाडाला दोन्ही गुण लागतात. कठीणपणा हवा आणि थोडे लवचीकपणही हवे.

निरोगी हाडात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. त्या धाग्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फरसचे बारीक स्फटिक बसलेले असतात. स्लॅबमध्ये लोखंडी सळया आणि सिमेंट असते, तसेच हे. फ्लोराईड या स्फटिकांत शिरते आणि तिथल्या एका घटकाची जागा घेते. स्फटिक मोठे होतात, त्यांची घडण बदलते, धाग्यांशी त्यांची सांगड नीट बसत नाही. नवे हाड बनते, पण घाईत ओतलेल्या स्लॅबसारखे वेडेवाकडे. सिमेंटची पोती पुष्कळ वापरली म्हणून स्लॅब पक्का होत नाही.

दुसरी गोष्ट हाडाच्या जागेची. मणक्याचा आतला भाग स्पंजासारखा जाळीदार असतो, तर हातापायांच्या लांब हाडांचे बळ त्यांच्या बाहेरच्या टणक कवचात असते, पाइपासारखे. मेयोच्या अभ्यासात जाळीदार हाड वाढले, पण हाताच्या हाडाचे कवच ४ टक्क्यांनी घटले. एका जागी भर पडली आणि दुसरी जागा कमजोर झाली.

त्यानंतर कमी मात्रेच्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आल्या. काही अभ्यासांत आशाही दिसली. पण फ्रान्समध्ये ३५४ बायकांवर झालेला प्रयोग १९९८ मध्ये छापून आला, त्यात कमी मात्रेनेही घनता वाढली आणि मणके दबण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. २००० साली सगळे प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. आज ऑस्टिओपोरोसिससाठी फ्लोराईड दिले जात नाही.

म्हणून मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे : बेटा, खालानानीचे पाणी नानीला पाजले तर नानीचा एक्स-रे सुधारेल, नानी नाही.

पाण्याचा हिशेब

इथे एक गैरसमज होऊ नये. फ्लोराईड म्हणजे विषच, असेही नाही. सगळा प्रश्न मात्रेचा आहे. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराईडमध्ये साधारण ३४ मिलिग्रॅम फ्लोराईड असते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. म्हणजे चांगले पाणी पिणाऱ्याच्या पोटात पाण्यातून रोज दोन-तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. टूथपेस्टमधले फ्लोराईड दातांच्या वरच्या थरावर काम करते आणि दात किडण्यापासून वाचवते. ती सोडू नका. फक्त लहान मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्या आणि थुंकायला शिकवा.

पण खोल बोअरचे पाणी कठीण खडकातून येते, तिथे हे प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास आहे. रंग, वास, चव, कशावरूनही ते ओळखता येत नाही. पहिली खूण मुलांच्या दातांवर दिसते : आधी खडूसारखे पांढरे डाग, मग तपकिरी पट्टे. मी शाळेत हजेरी घेताना आता मुलांच्या दातांकडेही पाहते.

आणि हे जरूर लक्षात ठेवा : पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. कपड्याने गाळूनही जात नाही. आरओ यंत्राने कमी होते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची स्वस्त पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने शोधली आहे. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण तिथे प्रमाण मोजून टाकावे लागते, अंदाजाने नाही. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड नसल्यासारखेच असते. शंका असेल तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या. हातपंपाला लाल रंग असेल तर विचारा, तो का आहे.

मग अम्मीसाठी काय?

डॉक्टरांनी अम्मीला आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. ती हाड झिजण्याचा वेग कमी करते. या औषधांची परीक्षा एक्स-रेच्या रंगावर झालेली नाही, मोडलेली हाडे मोजून झालेली आहे, हे मी अम्मीला तीनदा सांगितले. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि काही खायचेही नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. रमजानमध्ये आम्ही डॉक्टरांना विचारून त्या दिवशी सहरीच्या अर्धा तास आधी अम्मीला उठवायचो. चहा आधी मिळत नाही, एवढीच तिची तक्रार होती.

घरात आम्ही आणखी काही बदल केले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, नाचणी, तीळ, काट्यासकट खायचे छोटे मासे यांतून ते मिळते. पायाच्या शोरब्यावर आपल्या घरांत फार भरवसा असतो. शोरबा चवीला उत्तम आहे, पण हाडातले कॅल्शियम पाण्यात फार थोडे उतरते. हाडांचे औषध म्हणून त्यावर विसंबू नका. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळते आणि आपल्या बायका घरात किंवा अंगभर कपड्यांत असल्याने ते कमी पडते. गच्चीवर किंवा अंगणात आडोसा असेल तिथे हातपाय उघडे ठेवून रोज थोडा वेळ बसा. तपासणीत कमी निघाले तर डॉक्टर सांगतील तेवढेच औषध घ्या, जास्त नको.

आणि पडणे टाळा. मोडलेली बहुतेक मनगटे आणि खुबे पडल्यामुळेच मोडतात. आम्ही वुजूच्या जागेवर खरखरीत पायपोस टाकले, बसायला पक्के स्टूल ठेवले, रात्री बाथरूमच्या वाटेवर लहान दिवा लावला. खर्च हजार रुपयेही आला नाही.

खालाचे सांगायचे राहिले. तिच्या हाडांत पन्नास वर्षांत जे साचले, ते काढायचे औषध नाही. तिच्या घरी आता आरओचे पाणी आहे, दुखणे थोडे कमी आहे, पाठ तशीच ताठ आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले आणि आठ वर्षांपूर्वी काय बोलले होते, ते सांगून माफी मागितली. तिला ते आठवतही नव्हते. म्हणाली, ‘तू क्या जानती थी बेटा. अब बच्चों का पानी देख.’

तिच्या अंगणात दोन नाती खेळत होत्या. मी त्यांना जवळ बोलावले आणि तोंड उघडायला सांगितले. धाकटीचे दात अजून स्वच्छ आहेत, अल्हम्दुलिल्लाह. थोरलीच्या समोरच्या दोन दातांवर पांढरे डाग आहेत. दोघी शाळेत जातात आणि शाळेतल्या बोअरचे पाणी पितात. त्या पाण्याची तपासणी झाली आहे का, हे विचारणारा अर्ज मी तिथेच बसून लिहून दिला. खालाच्या सुनेने सही केली आणि शेजारच्या चार बायकांनीही.

तुमच्या गावात, तुमच्या मुलांच्या शाळेत पाणी कुठून येते, ते या महिन्यात विचारून पाहा आणि काय उत्तर मिळाले ते मला कळवा. खुदा हाफिज.